दाद ना फिर्याद

मराठीत 'दाद ना फिर्याद' असा एक वाक्प्रचार आहे. अन्याय झाला, पण कुणी ऐकले नाही, कुठे नोंद झाली नाही, कुणाला जाब विचारला गेला नाही, हा सगळा अर्थ या तीन शब्दांत मावतो. यातला 'दाद' हा शब्द फारसी आहे, त्याचा मूळ अर्थ न्याय. 'फिर्याद' हीसुद्धा फारसीतली 'फरियाद', म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. अर्ज, दाखल, गुन्हा, वकील, दप्तर, तारीख हे कचेरीतले शब्दही याच वाटेने दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी सामान्य माणसाच्या तोंडची फिर्याद काही गेली नाही. रयतेला जो शब्द रोज लागतो तो कोशाने हलत नाही.

या यादीतला 'तक्रार' हा शब्द मला नेहमी विचारात पाडतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण किंवा पुनरुक्ती. मूळ अरबीत तर पुन्हा पुन्हा करणे हाच त्याचा अर्थ. मराठीने मात्र त्याला गाऱ्हाण्याचा अर्थ दिला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झालेल्या स्त्रीची आपल्या देशातली कहाणी वाचत गेले की वाटते, हे तिन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन भेटले आहेत. ती गाऱ्हाणे मांडायला जाते, ऐकणारे त्याला भांडण समजतात आणि तिला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. त्या सांगण्याचा गेल्या पन्नास वर्षांतला इतिहास या लेखात मांडायचा आहे. पण त्याआधी थोडे मागे, मदिनेला जाऊ.

मदिनेतल्या फिर्यादी

हदीसच्या 'सहीह मुस्लिम' या संग्रहात मुसैका आणि उमैमा या दोन दासींची हकीकत आहे. त्यांचा मालक अब्दुल्लाह बिन उबय हा मदिनेतला बडा सरदार. तो या दोघींना वेश्याव्यवसाय करायला भाग पाडत असे. कमाई त्याची, बदनामी त्यांची. त्या काळात दासीचे शरीर ही मालकाची मालमत्ता समजली जाई. तरीही या दोघी प्रेषित मुहंमद (स.) यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी आपल्या मालकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर सूरह नूरमधली ती आयत अवतरली, जिच्यात दासींवर अशी जबरदस्ती करण्याला मनाई आहे आणि जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्याबाबत अल्लाह क्षमाशील असल्याची ग्वाही आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर मालकाच्या ताब्यातल्या, कसलीही ताकद नसलेल्या दोन कष्टकरी स्त्रियांनी केलेली ही फिर्याद होती. ती ऐकली गेली.

खौला बिन्ते सालबा यांची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे. पतीने जुन्या अरबी रिवाजाप्रमाणे त्यांना आईसारखी ठरवून अधांतरी सोडले. त्या प्रेषितांशी वाद घालत राहिल्या, माघारी फिरल्या नाहीत. कुरआनातल्या एका सूरहचे नावच 'अल्-मुजादिला', म्हणजे वाद घालणारी स्त्री, असे आहे. पुढे म्हाताऱ्या झालेल्या खौला यांनी खलीफा हजरत उमर (रजि.) यांना रस्त्यात थांबवले आणि ते उभ्याउभ्या त्यांचे बोलणे ऐकत राहिले, अशी रिवायत आहे. सोबतच्या लोकांना ते खटकले. त्यांना हजरत उमर यांनी समजावले, की जिचे बोलणे सात आसमानांपलीकडे ऐकले गेले, तिचे मी कसे ऐकणार नाही?

या गोष्टी मुद्दाम आधी सांगितल्या. आपल्या समाजात छळाविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रीला अनेकदा दीनाचे नाव घेऊन गप्प केले जाते. 'चार साक्षीदार आण' असे तिला सुनावणारेही भेटतात. सूरह नूरमधली चार साक्षीदारांची अट एखाद्या पाकदामन स्त्रीवर बदचलनीचा आळ घेणाऱ्यासाठी आहे. स्त्रीची अब्रू राखण्यासाठी आलेली अट तिचेच तोंड दाबायला वापरणे हा त्या आयतीवर अन्याय आहे. तक्रार करणे ही बेअदबी नव्हे, एवढे आपल्या परंपरेतूनच सिद्ध होते.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे

आता आपल्या राज्यात येऊ. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. ती दुसऱ्यांच्या घरी काम करून पोट भरत होती. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने दिली होती आणि त्या चौकशीसाठी ती चौकीत आली होती. म्हणजे तक्रारीची जागा हीच गुन्ह्याची जागा ठरली. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती होती असे मानले गेले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. मथुराला स्वतःला त्यातून काही मिळाले नाही. तिच्या वाट्याला आलेला निकाल तोच राहिला.

दुसरे प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे त्यांच्या मेंदूला इजा झाली आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांची जी सेवा केली तिला तोड नाही. पण खटल्याचे कागद पाहिले तर आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप लावलाच गेला नाही. बदनामी नको, या विचाराने तो भाग झाकला गेला असे सांगितले जाते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण शहाणपण म्हणून वापरतो. इथे त्या झाकलेल्या मुठीचा फायदा गुन्हेगाराला झाला.

ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की सरकारी दारात स्त्रीचे काय होते याच्या दोन तऱ्हा दिसतात. एकीचे ऐकले, पण विश्वास ठेवला नाही. दुसरीच्या बाबतीत सांगण्यासारखे जे होते ते कागदावर येऊ दिले नाही.

अधिकारी असली तरी

हे गरीब, अशिक्षित, असहाय स्त्रियांचेच होते असे कुणाला वाटेल. म्हणून १९८८ चे प्रकरण पाहावे. रूपन देओल बजाज या पंजाबमधल्या ज्येष्ठ आयएएस अधिकारी. १८ जुलै १९८८ रोजी चंदीगडला एका मेजवानीत राज्याचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी त्यांच्याशी अनेकांदेखत गैरवर्तन केले. बजाज यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली, मग पोलिसांत तक्रार दिली. त्या काळात पंजाबात दहशतवाद होता आणि गिल यांची प्रतिमा त्याच्याशी लढणाऱ्या नायकाची होती. देशाचे हित पाहा, विषय वाढवू नका, असा सल्ला बजाज यांना मिळत राहिला. १९८९ साली उच्च न्यायालयाने गुन्ह्याची नोंदच रद्द केली. समंजस माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी किरकोळ इजा हा गुन्हा नव्हे, या अर्थाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ९५ चा त्यासाठी आधार घेतला गेला. १२ ऑक्टोबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, जानेवारी १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि दोषसिद्धीवर शेवटचे शिक्कामोर्तब व्हायला २००५ साल उजाडले. तुरुंगवास मात्र झाला नाही, परिवीक्षेवर सुटका झाली.

सतरा वर्षे. एका आयएएस अधिकारी स्त्रीला, जिला कायदा माहीत होता, इंग्रजी येत होते, जिचे पती स्वतः आयएएस अधिकारी होते, तिला एवढी वर्षे लागली. तिथे शाळेतल्या शिपाईबाईचा किंवा बिडी वळणारीचा हिशेब कोणत्या आकड्यात करायचा?

भटेरीची साथिन

भारतातल्या कायद्याची मुळे राजस्थानातल्या भटेरी या गावात आहेत. भँवरीदेवी या कुंभार समाजातल्या स्त्री १९८५ पासून राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. स्वच्छता, मुलींचे शिक्षण, रोजगार हमीची मजुरी अशा विषयांवर गावातल्या बायकांशी बोलणे हे त्यांचे काम. १९९२ साली सरकारने आखातीजच्या सुमारास बालविवाह रोखण्याची मोहीम काढली. आदेश सरकारचा, पण गावात दारोदार जाऊन लोकांचा रोष ओढवून घ्यायचा तो साथिनीने. एका गुर्जर कुटुंबातल्या तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न भँवरीदेवींनी केला. पोलीस आले, गेले, लग्न दुसऱ्या दिवशी झाले. मग गावाने भँवरीदेवींच्या कुटुंबावर बहिष्कार टाकला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात काम करत असताना पाच जणांनी त्यांच्या पतीला मारहाण केली आणि त्यांच्यावर बलात्कार केला.

त्यानंतर त्यांना ज्या दारांतून जावे लागले ती दारे एकामागून एक मोजावीत अशी आहेत. बस्सीच्या पोलीस ठाण्यात त्यांच्या बोलण्यावर शंका घेतली गेली. बस्सीच्या आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरने तपासायला नकार दिला. जयपूरला पाठवताना चिठ्ठीवर वय तपासावे एवढेच लिहिले. जयपूरच्या रुग्णालयात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासणी होणार नाही असे सांगितले. दंडाधिकाऱ्याने कचेरीची वेळ संपली म्हणून आदेश दिला नाही. तपासणी चोवीस तासांत व्हायला हवी होती, ती झाली तेव्हा दोन दिवस उलटले होते. पोलिसांनी पुरावा म्हणून त्यांचा घागरा ठेवून घेतला आणि पतीच्या रक्ताळलेल्या साफ्याचे कापड गुंडाळून या बाईला रात्री तिथून बाहेर पडावे लागले.

यात प्रत्येकाने आपापला नियम पाळला, हे लक्षात घेतले पाहिजे. डॉक्टरकडे कारण होते, दंडाधिकाऱ्याकडे कारण होते, ठाण्याकडेही होते. कुणी सरळ 'नाही' म्हटले नाही. सगळ्यांनी पुढचे दार दाखवले. सरकारी दारात तक्रार मरते ती बहुतेक वेळा अशीच मरते.

पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबर १९९३ मध्ये आरोपींचा जामीन नाकारताना राजस्थान उच्च न्यायालयाने हा बालविवाह रोखल्याचा सूड असल्याचे म्हटले. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला हात लावणार नाहीत, काका आणि पुतण्या मिळून असे कृत्य करणार नाहीत, नवरा डोळ्यांदेखत हे होऊ देणार नाही, अशा धाटणीची कारणे त्या निकालात होती. त्याविरुद्धच्या अपिलाची २००७ सालापर्यंत एकदाच सुनावणी झाली होती. तोवर दोन आरोपी मरण पावले होते.

विशाखा आणि नंतरची सोळा वर्षे

भँवरीदेवींची हकीकत तिथेच विरून गेली असती. पण विशाखा आणि इतर काही स्त्री संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यांचा प्रश्न साधा होता. ही बाई सरकारचे काम करत होती, त्या कामामुळे तिच्यावर हल्ला झाला, मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची? कामाचे ठिकाण म्हणजे चार भिंती आणि टेबल-खुर्ची एवढेच का? १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने निकाल दिला. यातल्या सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती होत. देशात याविषयी कायदा नाही हे न्यायालयाने मान्य केले आणि स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ साली मान्य केला होता त्याचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असावी, तिची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी, म्हणजे वरून दबाव येणार नाही. कायदा होईपर्यंत हाच कायदा समजावा, असे सांगितले.

कायदा व्हायला सोळा वर्षे लागली. या काळात काय झाले याचा पुरावा पुण्याहून मिळतो. 'आलोचना' या केंद्राच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवले, की विशाखा निकाल कागदावरच आहे. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. २००४ साली आदेश झाला, की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा. याची गरज का पडली? कारण स्त्रीने समितीपुढे सगळे सांगून झाले, की खाते पुन्हा नवी चौकशी लावत असे आणि तिला तेच पुन्हा सांगावे लागत असे. अरबीतली 'तकरार' ती हीच. ऑक्टोबर २०१२ मध्ये अंतिम निकाल देताना न्यायालयाला दिसले, की कित्येक राज्यांनी आपले सेवानियमही बदललेले नाहीत.

त्यानंतर दिल्लीची डिसेंबर २०१२ ची घटना घडली, देश रस्त्यावर आला आणि आधीच लोकसभेत मंजूर होऊन पडलेले विधेयक राज्यसभेत २६ फेब्रुवारी २०१३ रोजी मंजूर झाले. ९ डिसेंबर २०१३ पासून कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा लागू आहे.

कायद्यात काय आहे, दारात काय आहे

कायदा वाचला तर चांगला आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तालुक्यात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी हवा आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवायला हवी. तक्रार तीन महिन्यांत द्यावी, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपावी. चौकशी चालू असताना तिला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्याची जबाबदारी समितीवर आहे. कामाच्या निमित्ताने जिथे जावे लागते ती प्रत्येक जागा, येण्याजाण्याचे मालकाने दिलेले वाहनसुद्धा, कामाचे ठिकाण मानले जाते. भटेरीच्या शेताचे एवढे ऋण या कायद्याने फेडले आहे.

आता दाराशी जाऊ. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. नाव गुप्त राहील असे कायदा म्हणतो, पण ज्या गावात एकच झेरॉक्सचे दुकान आहे तिथे सहा प्रती काढायला जाणाऱ्या बाईचे काय गुप्त राहणार? जिल्ह्याची समिती कुठे बसते हे बहुतेकींना माहीत नसते. २०१८ साली मार्था फॅरेल फाउंडेशन या संस्थेने माहिती अधिकारात ६५५ जिल्ह्यांना विचारले, तेव्हा समिती स्थापन केल्याचे उत्तर फक्त २९ टक्के जिल्ह्यांनी दिले. निम्म्याहून अधिक जिल्ह्यांनी उत्तरच दिले नाही. कायदा लागू होऊन तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती.

समिती असली तरी ती कशी काम करते हा वेगळा प्रश्न. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने बारा दिवसांत अठरा बैठका उरकल्या आणि त्या प्राध्यापकाला बडतर्फ केले गेले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नव्हती. प्रकरण नव्या चौकशीसाठी परत गेले, चौदा वर्षांनी. घाई झाली तरी नुकसान तक्रार करणाऱ्यांचेच होते, हे यातून शिकायला हवे. आरोपीचा ऐकून घेण्याचा हक्क पाळणे हे तक्रारदाराच्याही हिताचे असते. याच निकालात, इतक्या वर्षांनंतरही कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत, अशी खंत न्यायालयाने व्यक्त केली. देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत नियमानुसार समिती नसल्याच्या वृत्तपत्रातल्या बातमीचा त्यात उल्लेख होता. तेव्हा महिला कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या. ऑलिम्पिकमध्ये पदक जिंकणाऱ्या मुलींनाही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने पुन्हा आदेश दिले, की राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमावा आणि स्थानिक समित्या स्थापन कराव्यात. जे २०१३ च्या कायद्यात लिहिले होते तेच अकरा वर्षांनी आदेशात लिहावे लागले.

केंद्र सरकारने २०१७ साली 'शी-बॉक्स' नावाची ऑनलाइन तक्रार पेटी सुरू केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे नवे रूप आणले. सोय चांगली आहे. पण पेटीत पडलेली तक्रार शेवटी त्याच जिल्ह्याच्या किंवा त्याच कार्यालयाच्या समितीकडे जाते. समिती झोपलेली असेल तर पेटी काय करणार? केरळात चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीविषयी न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. तिने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला आणि तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ रोजी, तोही काही भाग वगळून. स्त्रियांनी भरवशाने सांगितलेले साडेचार वर्षे दप्तरात पडून होते.

आणि जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोर इथे बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतले. तिने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. अंतर्गत समितीपुढे ती गेली होती. प्राचार्यांनाही भेटली होती. १४ जुलैला ती गेली. शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी होती ती. नियमात सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक दारावर तिने थाप मारली होती.

आपला प्रश्न

हे सगळे आपल्या वार्षिकात का लिहायचे, असे कुणी विचारील. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते, की १५ ते ६४ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रिया काम करत होत्या, मुस्लिम स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. जी मुलगी आपल्या घरातून कामावर निघते ती अनेकांची समजूत काढून निघालेली असते. अब्बा, भाऊजान, सासरे, मोहल्ल्यातले बुजुर्ग, सगळ्यांना तिने पटवलेले असते. म्हणूनच कामावर काही वाईट झाले तर ती घरी सांगत नाही. सांगितले तर पहिला निर्णय होतो तो तिला घरी बसवण्याचा. ज्याने छळले तो खुर्चीवर राहतो आणि जिला छळले ती चुलीपाशी परत येते. पुढे तिच्या धाकट्या बहिणीला आणि शेजारच्या मुलींनाही दाखला दिला जातो, की 'देखो, नोकरी का यही अंजाम होता है.' एक तक्रार बुडाली की तिच्यासोबत दहा मुलींचे बाहेर पडणे बुडते.

आपल्या स्त्रिया जिथे काम करतात त्या जागा पाहा. सोलापुरात बिडी वळणारी बाई घरी काम करते, पण वळलेल्या बिड्या घेऊन तिला कारखान्याच्या शाखेत जावे लागते. तिथे कोणत्या बिड्या घ्यायच्या आणि कोणत्या बाद करायच्या हे तपासणाऱ्याच्या हातात. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांच्या पेठेत कांडी भरणाऱ्या बायका. मोठ्या शहरांत धुणीभांडी करणाऱ्या, रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या. यांतल्या कुणाकडे नेमणुकीचा कागद नाही. पण कायद्याला कागद लागत नाही. रोजंदारीवरची, कंत्राटावरची, घरकामाची स्त्रीसुद्धा त्यात आहे.

आणि आमच्या शाळा. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आहे. पहिली तीन वर्षे मानधनावर. २०२३ साली हे मानधन प्राथमिकसाठी सहा हजारांवरून सोळा हजार झाले, ही चांगली गोष्ट. पण त्या तीन वर्षांत कायम होण्याचा धागा संस्थाचालकांच्या हातात असतो. विनाअनुदानित शाळेत तर तो कधीच सुटत नाही. अशा वेळी बोलणाऱ्या शिक्षिकेला 'कौम की इदारे की बदनामी' या शब्दांनी गप्प केले जाते. अल्पसंख्याक संस्थांना घटनेच्या कलम ३० ने आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. या कायद्यातून सूट मात्र दिलेली नाही. दहा माणसांच्या शाळेत समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, मग ती शाळा कुणाचीही असो. इदाऱ्याची बदनामी छळ करणाऱ्याने केलेली असते. ती बोलणारीच्या नावावर लिहू नये.

अंजुमन, मदरसे, शिक्षणसंस्था, मोहल्ला कमिट्या यांनी यात बरेच करता येईल. आपल्या शाळेत समिती नेमून तिच्या सदस्यांची नावे उर्दू आणि मराठीत भिंतीवर लावणे, हे एका दिवसाचे काम आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन स्थानिक समितीवर कोण आहे हे विचारणे आणि ती माहिती मोहल्ल्यात पोचवणे, हे एका आठवड्याचे. तक्रार घेऊन जाणाऱ्या बाईबरोबर कुणीतरी जाणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. भँवरीदेवींच्या मागे बायका उभ्या राहिल्या म्हणून आज देशात कायदा आहे.

एक काम तर आम्हा शिक्षकांचेच आहे. उर्दू शाळेतून बाहेर पडलेली मुलगी कचेरीत जाते तेव्हा तिथली भाषा मराठी असते. तिला जे झाले ते उर्दूत सांगता येते, पण मराठीत लिहिताना हात अडतो, आणि मग अर्ज दुसरा कुणी लिहितो, तो आपल्या समजुतीप्रमाणे लिहितो. आठवी-नववीच्या मराठीत आम्ही पत्रलेखन शिकवतो. रजेचा अर्ज, नळाला पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेला अर्ज. त्याच तासाला मुलींना हेही लिहायला शिकवावे: काय झाले, कधी झाले, कुठे झाले, कोण हजर होते, मला काय हवे आहे. पाच ओळी. तारीख घालावी, खाली सही करावी, एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि दिलेल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार कचेरीच्या लेखी झालेलीच नसते. दाद मिळेल की नाही हे कचेरीच्या हातात आहे. फिर्याद नीट नोंदवली जाणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि ते शिकवायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.